मेंबरकडून रिसॉर्टची खोली भाड्याने घेताय? या चुका टाळा

क्लब महिंद्रा या रिसॉर्टवाल्या क्लबची नेहमीची मेंबरशिप 25 वर्षांची, वर्षाला 7 रात्री. जमो न जमो, वार्षिक फी चुकत नाही. म्हणून अशा क्लबांचे काही मेंबर उरलेल्या रात्री परस्पर दुसऱ्यांना भाड्याने देऊन टाकतात. निदान फी तरी सुटते. तुम्हाला ऐसपैस खोली, बऱ्याचदा छोट्या किचनसकट, हॉटेलपेक्षा स्वस्त पडते. सौदा चांगलाच आहे. गोची एवढीच, की रिसॉर्ट ओळखतं ते मेंबरला, तुम्हाला नाही.

बुकिंग व्हाउचरच्या स्क्रीनशॉटवर भरवसा. तो खोटा असू शकतो. पण खरा असला तरी धोका टळत नाही, कारण पैसे घेऊन मेंबर बुकिंग रद्द करू शकतो. म्हणून बुकिंगमध्ये पाहुणा म्हणून तुमचं नाव घालून घ्या. मग रिसॉर्टचा नंबर अधिकृत वेबसाइटवरून स्वतः शोधा (मेंबरने पाठवलेला नको) आणि नाव, तारखा, खोलीचा प्रकार विचारून घ्या. निघण्याच्या आदल्या दिवशी पुन्हा फोन करा. आधी फक्त टोकन द्या, बाकी रक्कम चेक-इन झाल्यावर. याला जो तयार नाही, त्याला नमस्कार करा.

रंग न विचारणं. क्लब महिंद्रात मोसमांना रंग आहेत: सर्वांत गर्दीचा पर्पल, मग रेड, व्हाइट, ब्लू. मेंबरशिपही यातल्याच एका रंगाची असते. ब्लूवाला मेंबर नाताळात गोव्यातल्या वार्काची खोली देतो म्हणाला, तर ती कशी मिळाली हे आधी विचारा. खरं असेल तर तो सांगेल.

नियम न वाचणं. मित्र-नातेवाइकांना पाठवायला क्लबांची सहसा हरकत नसते. पैसे घेऊन रात्री विकायला मात्र अनेकांची असते. 'काउंटरवर मावसभाऊ म्हणून सांगा' असं कोणी सुचवलं तर तिथेच थांबा. उद्या बुकिंग रद्द झालं, तर रिसॉर्टकडे तक्रार तरी कुठल्या तोंडाने करणार?

फक्त खोलीभाड्याची तुलना. जेवण बहुतेक वेळा वेगळं असतं. तुंगीसारख्या आडजागी चार माणसं तिन्ही त्रिकाळ रिसॉर्टमध्येच जेवली, की वाचवलेले पैसे तिथेच जातात. मेंबरची सवलत पाहुण्याला मिळते का, खोलीत किती जण चालतात, बाहेरचं खाणं आणू देतात का, हे आधीच विचारा. रद्द झाल्यास पैसे कोण देणार, तेही व्हॉट्सॲपवर लिहून घ्या.

काउंटरवर 'तुमचं बुकिंगच नाही' म्हणाले तर? वाद घालू नका, तिथूनच मेंबरला फोन लावा आणि त्याला रिसेप्शनशी बोलायला लावा. नाव घालायचं राहिलं असेल, तर बहुधा तेवढ्याने काम होतं. फोन बंद लागला तर लगेच 1930 या सायबर हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा आणि बँकेलाही कळवा. यूपीआय व्यवहाराचा क्रमांक आणि चॅट हाताशी ठेवा. खोली शोधण्याचं काम त्यानंतर, कारण उशीर झाला तर पैसे पुढच्या खात्यात सरकतात.