ऑइल पिणाऱ्या ६९७ चं इंजिनकाम कसं काढावं

उसाचा हंगाम संपला की पावसाळाभर आमच्या दुकानासमोर ट्रक लागतात, आणि सगळ्यांना दिवाळीच्या आत गाडी हवी असते. अक्कलकोट रोडला आमचं बोअरिंग-होनिंगचं, म्हणजे इंजिनचे सिलिंडर मापात कापून घासायचं, दुकान आहे. आप्पांनी सुरू केलं, आता मापं मी घेते. यंदा जूनमध्ये मोहोळकडचे एक मालक जुना सहाचाकी टाटा घेऊन आले. आत टर्बोचं (हवा दाबून भरणाऱ्या पंख्याचं) ६९७ इंजिन: सहा सिलिंडर, ९७ मिमी बोअर (सिलिंडरच्या भोकाचा व्यास), १२८ मिमी स्ट्रोक (पिस्टनची वर-खाली धाव), ५६७५ सीसी. आल्या आल्या म्हणाले, "अक्का, डिझेलपेक्षा ऑइलच जास्त पितंय बगा. ब्लॉक-पिस्टन नवं बसवून द्या." ब्लॉक-पिस्टन म्हणजे सिलिंडरच्या आतल्या नळ्या (लायनर), पिस्टन आणि रिंगांचा संच.

मी त्यांना परत पाठवलं. सपाट जागेवर गाडी लावायची, ऑइल मोजायच्या पट्टीच्या वरच्या खुणेपर्यंत ऑइल भरायचं, किलोमीटर वहीत लिहायचे, हजार किमी चालवायची आणि किती ऑइल घालावं लागलं ते मोजून यायचं. साडेतीन लिटर लागलं. हा आकडा हातात नसेल तर काम झाल्यावर फरक पडला की नाही, हे कशावरून सांगणार?

ऑइल कमी होतंय म्हणजे रिंगा (पिस्टनभोवतीची कडी) गेल्या, असं धरून चालू नका. आधी एअर ब्रेकच्या टाकीचा ड्रेन उघडा. ब्रेकच्या कॉम्प्रेसरला इंजिनचंच ऑइल जातं. त्याच्या रिंगा झिजल्या की तो ऑइल हवेबरोबर टाकीत ढकलतो. या गाडीच्या टाकीतून चहाच्या पेल्याएवढं काळं ऑइल निघालं. ते ब्लॉक-पिस्टन बदलून थांबलं नसतं. मग टर्बोचा हवेचा पाइप काढून आत बोट फिरवा. ओला असेल तर लगेच टर्बोला दोष देऊ नका. एअर फिल्टर चोंदलेला असला किंवा टर्बोची ऑइल परतीची नळी तुंबली असली तरी सीलमधून ऑइल ओढलं जातं. आणि पट्टीवर ऑइल कमी न होता वाढत असेल तर डिझेल मिसळतंय. ती गाडी तशीच चालवली तर बेअरिंग जातील.

धुराचं गणित डिझेलला थोडं वेगळं आहे. निळा म्हणजे ऑइल, काळा म्हणजे डिझेल जास्त किंवा हवा कमी, एवढं सगळ्यांना ठाऊक असतं. पण 'उतारावर पाय काढला की निळा धूर, म्हणजे व्हॉल्व्ह गाईड (व्हॉल्व्हची दांडी ज्यात सरकते ती नळी) झिजली' हा पेट्रोल गाडीचा नियम इथे नीट लागू होत नाही, कारण डिझेलला थ्रॉटल नसतो आणि तसा व्हॅक्यूम तयार होत नाही. त्यापेक्षा इंजिन गरम असताना ऑइल भरायचं झाकण काढा. तोंडातून भकाभक वाफा येत असतील तर रिंगांवरून गॅस खाली उतरतोय.

मग कॉम्प्रेशन. डिझेलचा फवारा मारणारं नोझल काढून त्या जागी दाब मोजायचा गेज लावला. पाच सिलिंडर २४-२५ किलोच्या (दर चौरस सेंमीला) आसपास, चौथा १८. चौथ्यात चमचाभर ऑइल टाकून पुन्हा घेतलं तर २२ वर गेला. म्हणजे गळती रिंग-बोअरमधून होती, व्हॉल्व्हमधून नव्हे. ऑइल चमचाभरच टाका. डिझेलमध्ये पिस्टनच्या डोक्यावर जागा फार कमी असते. जास्त ओतलंत आणि सेल्फ मारलात तर कनेक्टिंग रॉड वाकेल.

खोलताना मोबाईलवर फोटो काढत जा. पुशरॉड, टॅपेट, रॉडच्या कॅप ज्या जागेच्या, त्या जागेच्याच राहिल्या पाहिजेत. मी पुठ्ठ्याला भोकं पाडून नंबर घालते आणि पुशरॉड त्यात उभे करते.

बोअर तीन उंचीवर आणि प्रत्येक उंचीवर दोन दिशांनी मोजा: एकदा क्रँकच्या लांबीत, एकदा आडवं. वरची रिंग जिथून परत फिरते तिथे झीज सगळ्यात जास्त असते. चौथ्याला वर ०.२८ मिमी निघाली, तळाला ०.०६. बाकीच्यांना वर ०.१२ ते ०.१५. सगळेच झिजलेले, पण चौथा दुप्पट का? नोझल स्टँडवर लावलं तेव्हा कळलं: चौथ्याचं नोझल फवारा मारायच्या ऐवजी ठिबकत होतं. ठिबकलेलं डिझेल बोअरच्या भिंतीवरचं ऑइल धुऊन टाकतं. बाकीच्या पाच जणांचं कारण फिल्टरपासून टर्बोकडे जाणाऱ्या रबरी पाइपात सापडलं. क्लिपखाली नखाएवढी चीर होती. फडातल्या कच्च्या रस्त्याची धूळ त्यातून सरळ आत जात होती. हे दोन दोष तसेच ठेवून नवे लायनर टाकले असते तर एका हंगामात गाडी पुन्हा आमच्या दारात आली असती.

या इंजिनला ड्राय लायनर असतात. जुने उपसले, ब्लॉकचं भोक मोजलं, नवे दाबले, मग बोअर आणि होनिंग. पिस्टन हातात आल्याशिवाय मी बोअर करत नाही. पाकिटावर लिहिलेलं क्लिअरन्स घ्यायचं, आणि प्रत्येक पिस्टन स्वतंत्र मोजून त्याच्या सिलिंडरचा नंबर त्याच्यावर लिहायचा. होनिंगच्या रेषा एकमेकींना साधारण ४५ अंशांत छेदल्या पाहिजेत. त्या बारीक चरांत ऑइल थांबतं आणि रिंगा बसतात. आरशासारखा गुळगुळीत बोअर पाहून मालक खूश होतो, पण त्यात रिंग बसत नाही.

होनिंगनंतरची धुलाई बहुतेक जण उरकून टाकतात, आणि माझा जीव तिथेच अडकतो. डिझेलने किंवा रॉकेलने धुतलं तर दगडाची भुकटी चरांतच राहते. गरम पाणी, कपड्याचा साबण आणि कडक ब्रश घेऊन प्रत्येक बोअर घासा. पुसून कोरडा करा, ऑइलचा हात फिरवा आणि पांढऱ्या कापडाने पुसून बघा. करडा डाग आला तर पुन्हा धुवा. कापड धोतराचं जुनं घ्या. चादरीचा धागा सुटतो. या ब्लॉकला पाच वेळा धुवावं लागलं. ऑइलच्या गॅलऱ्यांचे (ब्लॉकमधल्या ऑइलच्या वाटांचे) प्लग काढून तिथेही ब्रश आणि हवा मारा.

रिंग बोअरमध्ये सरळ बसवून फिलर गेजने तोंडाची फट बघा. ९७ मिमी बोअरला वरच्या रिंगला साधारण ०.४० मिमी येते, तरी पाकिटावरचा आकडा अंतिम. फट कमी राहिली तर गरम झाल्यावर टोकं एकमेकांना भिडतात आणि रिंग तुटते. 'टॉप' लिहिलेली बाजू वर, आणि तोंडं एका ओळीत नकोत.

क्रँक ०.२५ मिमी अंडरसाइजला, म्हणजे मूळ मापापेक्षा तेवढी बारीक, घासली. घासणाऱ्याला एकच गोष्ट बजावून सांगा: जर्नलच्या (बेअरिंग बसतं त्या गोल भागाच्या) कोपऱ्यातली गोलाई कायम ठेव. तिथे काटकोन झाला की क्रँक तिथूनच तुटते. बेअरिंग लावल्यावर प्लास्टिगेजने (दाबून फट दाखवणाऱ्या प्लास्टिकच्या दोऱ्याने) फट तपासा, ऑइल पंपही उघडून बघा. हेड प्रेशर टेस्ट करून घ्या. ते घासायची वेळ आली तर व्हॉल्व्हची खोली आणि नोझलचं टोक किती पुढे येतं ते पुन्हा मोजा, नाहीतर व्हॉल्व्ह पिस्टनला लागेल.

आता ताकदीचं. मालकांना तुळजापूरचा घाट भरल्या गाडीने एक गियर वर चढायचा होता. 'पंपाचा स्क्रू खोला', म्हणजे डिझेल जास्त सोडा, हा सल्ला त्यांना तीन जणांनी दिला होता. काही वर्षांपूर्वी आमच्याच एका इंजिनचा पंप बाहेरच्या कारागिराने मालकाला खूश करायला असा खोलला होता. गाडी दोन महिने छान पळाली. मग एप्रिलच्या उन्हात, बाहेर ४२ अंश असताना, दोन पिस्टनची डोकी वितळली. जास्तीच्या डिझेलला पुरेशी हवा नसेल तर ताकद थोडी मिळते आणि उष्णता फार वाढते. म्हणून आम्ही उलट्या टोकाने गेलो. सहा पिस्टन आणि सहा रॉड इलेक्ट्रॉनिक काट्यावर तोलले. रॉडची दोन्ही टोकं वेगवेगळी. सगळ्यात हलक्याशी बाकीचे जुळवले, तेवढ्याने हादरा कमी होतो. व्हॉल्व्ह सीट तीन कोनांत कापल्या. मॅनिफोल्डचं गॅस्केट पोर्टच्या तोंडाशी जुळत नव्हतं, ती पायरी घासून काढली. सहाही नोझल एका प्रेशरला, पंप स्टँडवर सहाही लाइनींना सारखं डिझेल, टायमिंग पुस्तकाप्रमाणे. टर्बोची नळी नवी. एवढ्याने घाटात तिसऱ्याऐवजी चौथा गियर लागला. माझ्या मते जुन्या ट्रकला याच्यापुढे जाऊ नये.

ब्लॉकच बदलायची वेळ आली तर मोटार वाहन कायदा १९८८ चं कलम ५२ लक्षात ठेवा: आरसीवरची नोंद बदलेल असा फेरफार परवानगीशिवाय चालत नाही. आरटीओची परवानगी आणि नव्या नंबरची नोंद आधी. आमचा ब्लॉक जुनाच राहिला.

पाण्याचंही सांगते. आमच्याकडे रेडिएटरमध्ये बोअरवेलचं जड पाणी ओतायची सवय आहे. त्याचा पांढरा थर जॅकेटमध्ये, म्हणजे सिलिंडरभोवतीच्या पाण्याच्या जागेत, बसतो, मागचे सिलिंडर तापतात आणि लायनर वाकडे होतात. कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटरच घाला.

पहिल्या स्टार्टला डिझेल बंद ठेवून, टर्बोत हाताने ऑइल भरून, गेजवर प्रेशर दिसेपर्यंत सेल्फ मारा, पण थांबून थांबून. चालू झाल्यावर तासभर जागेवर घुरघुरत ठेवू नका. बिनलोडात रिंगा बसत नाहीत, बोअर काचेसारखा गुळगुळीत होतो. गळती बघा, गरम होऊ द्या आणि रस्त्यावर काढा. आम्ही पहिल्या दिवशी अर्धा माल भरून मोहोळपर्यंत जाऊन परत आलो, एकाच वेगाने नाही, कमी-जास्त करत. ऑइल साधं १५डब्ल्यू-४०. सुरुवातीला सिंथेटिक नको. पाचशे किमीला ऑइल-फिल्टर बदलला, टॅपेटची फट पुन्हा लावून घेतली. घाटात मात्र हजार किमी झाल्यावरच नेली.

वही मालकांनीच चालू ठेवली आहे. पहिल्या हजाराला सातशे मिली लागलं, दुसऱ्याला दोनशे. तिसऱ्या हजाराचं पान दसऱ्याला घेऊन येतो म्हणालेत.