व्हॉल्व्ह आणि सेन्सरची पेटंट्स वाचायला-लिहायला शिकताना

मेकॅनिकल किंवा इन्स्ट्रुमेंटेशन शिकून पेटंटच्या कामात उतरायचं असेल, तर सुरुवात व्हॉल्व्ह आणि सेन्सरपासून करावी. भाग मोजके असतात, चित्र पटकन समजतं, आणि तरीही शोध नेमका कुठे आहे हे सहजी हाती लागत नाही. नवखा माणूस फसतो तो चित्र पाहून सगळं कळलं असं वाटतं तेव्हा. पेटंटचा हक्क चित्रात नसतो, शीर्षकात नसतो, सारांशातही नसतो. तो क्लेममध्ये, म्हणजे शेवटी दिलेल्या हक्काची हद्द सांगणाऱ्या क्रमांकित वाक्यांत असतो, आणि क्लेममधला एकेक शब्द त्या हक्काचं कुंपण इकडे-तिकडे सरकवतो.

पहिलं पान आणि पहिला क्लेम

पहिल्या पानावर कंसात जे अंक दिसतात त्यांचा अर्थ जगभर एकच आहे. (२२) म्हणजे अर्ज दाखल केल्याची तारीख, (३०) प्राधान्याचा तपशील (ज्या आधीच्या अर्जाची तारीख धरली जाते त्याचा), (५१) आंतरराष्ट्रीय वर्ग, (५४) शीर्षक, (५६) विचारात घेतलेले जुने दस्तऐवज, (७१) अर्जदार, (७२) संशोधक, (७३) हक्कधारक. हे पाठ असलं की जपानी किंवा कोरियन दस्तऐवजाचं पहिलं पानही चाचपता येतं. क्रमांकामागचं अक्षर बघायला विसरू नका. साधारणपणे 'ए' म्हणजे नुसता प्रकाशित झालेला अर्ज आणि 'बी' म्हणजे मंजूर पेटंट. अमेरिकेची २००१ पूर्वीची मंजूर पेटंट्स मात्र डेटाबेसमध्ये 'ए' अशीच दिसतात, त्यामुळे मंजूर पेटंटला अर्ज समजून बाजूला सारण्याची चूक सर्रास होते.

वाचनाच्या सरावासाठी निकोला टेस्लाचं अमेरिकी पेटंट क्रमांक १३२९५५९ घ्या, ३ फेब्रुवारी १९२० रोजी मंजूर झालेलं. एकही हलता भाग नसलेला एकदिशा व्हॉल्व्ह. चित्रात पाण्याच्या थेंबासारख्या वळणांची रांग आहे. पण पहिला क्लेम वळणांची संख्या सांगत नाही, कोन सांगत नाही, धातूही सांगत नाही. आतल्या भिंतींची घडण अशी की एका दिशेने द्रव मोकळा जावा आणि उलट्या दिशेने ढकलला तर त्याला वारंवार झपाट्याने दिशा बदलावी लागून तो अडावा, एवढंच तो म्हणतो. म्हणजे रचनेपेक्षा परिणामच जास्त सांगितला आहे. आज असा क्लेम घेऊन गेलात तर 'परिणाम सांगितलात, तो कशामुळे मिळतो ते सांगा' असा आक्षेप येण्याची तयारी ठेवावी लागते.

क्लेम वाचताना त्याचे तुकडे करून तक्ता मांडा. पहिल्या रकान्यात घटक, दुसऱ्यात तो वर्णनात कुठल्या परिच्छेदात आणि चित्रात कुठल्या क्रमांकाने आला आहे, तिसऱ्यात समोरच्या उत्पादनात तो आहे का. पहिल्या क्लेममधला एक जरी घटक उत्पादनात नसला तर शब्दशः उल्लंघन होत नाही. पुढे समतुल्य घटकाचा वाद उभा राहू शकतो, पण तो नंतरचा प्रश्न. 'कम्प्रायझिंग' ('यांचा समावेश असलेला') लिहिलं असेल तर जादा भाग लावून सुटका नाही. 'कन्सिस्टिंग ऑफ' ('फक्त यांचाच बनलेला') असेल तर एक जादा भागसुद्धा उत्पादनाला क्लेमच्या बाहेर काढू शकतो.

शोध कुठे आहे: बॉल व्हॉल्व्हची सीट

एक उदाहरण पूर्ण सोडवून पाहू. बॉल व्हॉल्व्ह म्हणजे आरपार भोक असलेला गोळा फिरवून प्रवाह बंद-चालू करणारा व्हॉल्व्ह. तो बंद केला की बॉलच्या भोकात आणि बॉल-बॉडीमधल्या कॅव्हिटीत (पोकळीत) थोडा द्रव अडकतो. दोन्ही बाजूंच्या सीट (बॉलला टेकून गळती रोखणारी कडी) घट्ट बसलेल्या, जायला वाट नाही. ऊन लागलं किंवा शेजारची पाइपलाइन तापली की तो द्रव फुगतो. पूर्ण कडक भांड्यात कोंडलेलं पाणी २० अंश सेल्सिअसच्या आसपास असेल तर दर अंशामागे दाब साधारण ४.५ बारने चढतो, आणि तापमान वाढेल तसा हा आकडाही वाढतो. बॉडी थोडी प्रसरण पावते, सीट थोडी दबते, म्हणून प्रत्यक्षात वाढ कमी असते. तरी तीसेक अंशांची वाढ पीटीएफईची (टेफ्लॉनची) सीट खाचेतून बाहेर ढकलायला किंवा बॉडीच्या जोडातून गळती काढायला पुरते.

यावर जुना उपाय म्हणजे बॉलला एक बारीक भोक, बंद स्थितीत ते वरच्या प्रवाहाकडे उघडेल असं. साधा आणि खात्रीचा, पण व्हॉल्व्ह एकाच दिशेने वापरता येतो आणि बॉडीवर बाण लागतो. कुणी उलटा बसवला की तो गळतो. दुसरा उपाय म्हणजे स्वतःहून दाब सोडणारी सीट. सीटच्या मागे स्प्रिंग, सीट आणि बॉडीमध्ये ओ-रिंग (गळती रोखणारं रबरी वळं). ओ-रिंगचा सीलिंग व्यास बॉलवरच्या संपर्काच्या व्यासापेक्षा मोठा ठेवतात. या दोन व्यासांमधल्या वलयावर लाइनचा दाब मागून ढकलतो आणि सीट बॉलवर दाबतो. कॅव्हिटीचा दाब त्याच वलयावर पुढून ढकलतो. कॅव्हिटीचा दाब लाइनच्या दाबापेक्षा पुरेसा वाढला की स्प्रिंग हरते, सीट किंचित उचलली जाते आणि द्रव लाइनमध्ये परत जातो.

आता आकडे. संपर्काचा व्यास ६० मिमी, ओ-रिंगचा ६४ मिमी, तर वलयाचं क्षेत्रफळ सुमारे ३९० चौरस मिमी. स्प्रिंगचं बल ६०० न्यूटन असेल तर सीट साधारण १५ बारच्या फरकाला सुटेल. ओ-रिंगचा व्यास ६२ केला की क्षेत्रफळ सुमारे १९२ चौरस मिमीवर येतं आणि तीच सीट ३१ बारला सुटते. व्यासात दोन मिलिमीटरचा फरक, दाबात दुप्पट. ओ-रिंगचं घर्षण वर आणखी भर घालतं. शिवाय बॉलवरचा संपर्क ही रेघ नसून पट्टा असतो, आणि सीट झिजली की त्या पट्ट्याचा सरासरी व्यास सरकतो.

हे गणित समजलेला माणूस आणि न समजलेला माणूस यांचे क्लेम लगेच वेगळे ओळखू येतात. न समजलेला लिहितो: 'कॅव्हिटीतील दाब वाढल्यास उघडणारी सीट.' हा परिणाम झाला, आणि तो जुन्या कितीतरी व्हॉल्व्हना लागू पडतो. समजलेला आधी विचारतो की वलय, स्प्रिंग आणि मागचं सील हे त्रिकूट तर जुनंच आहे, मग या संशोधकाने नवीन काय केलं? कदाचित सीटच्या पुढच्या कडेला अशी खाच दिली असेल की झिजेनंतरही संपर्काचा पट्टा बाहेर सरकत नाही, म्हणून सुटण्याचा दाब टिकून राहतो. तसं असेल तर खाचेची जागा, तिचं संपर्काच्या व्यासाशी नातं आणि त्यातून टिकणारा दाब हा शोधाचा गाभा. स्प्रिंग वेव्ह प्रकारची की कॉइलची, हे पहिल्या क्लेममध्ये घालायचं कारण नाही. ते दुय्यम क्लेममध्ये, म्हणजे पहिल्यावर आधारून जादा तपशील घालणाऱ्या क्लेममध्ये जावं.

सेन्सरमध्ये तोच प्रश्न

दाबाच्या सेन्सरमध्येही कोंडलेला द्रवच त्रास देतो. नेहमीची रचना अशी: ३१६एल स्टीलचा पातळ डायफ्राम, त्यामागे सिलिकॉन तेल, तेलात पिझोरेझिस्टिव्ह (दाबाने विद्युत रोध बदलणारी) चिप. तापमान वाढलं की तेल फुगतं, डायफ्राम त्याला अडवतो आणि दाब नसतानाही रीडिंग शून्यावरून सरकतं. ही चूक तेलाचं आकारमान आणि डायफ्रामचा कडकपणा या दोन्हींबरोबर वाढते. म्हणूनच या क्षेत्रात कितीतरी सुधारणा चिपमध्ये नसून आजूबाजूला असतात: तेलाची जागा भरून काढणारा सिरॅमिकचा तुकडा, डायफ्रामवरच्या लाटा, भरण्याच्या छिद्राचं सील. तेल निर्वात करून भरलं नाही तर राहिलेला हवेचा बुडबुडा सगळी मेहनत वाया घालवतो. भरण्याची पद्धत नवीन असेल तर पद्धतीचा वेगळा क्लेम लिहावा.

सिग्नलवर प्रक्रिया करणारा शोध असेल तर नुसतं गणित क्लेम करू नका. कुठला सिग्नल, कुठल्या जागी बसवलेल्या घटकाकडून घेतला आणि निकालावरून प्रत्यक्षात काय घडतं, व्हॉल्व्ह बंद होतो की पंप थांबतो, हे जोडलेलं हवं.

शोधाशोध

जुनी पेटंट्स शोधायला युरोपीय पेटंट कार्यालयाचं एस्पेसनेट, वायपोचं (जागतिक बौद्धिक संपदा संघटनेचं) पेटंटस्कोप आणि गूगल पेटंट्स या तिन्ही जागा मोफत आहेत. नुसत्या शब्दांनी शोधणारा हमखास काहीतरी चुकवतो, कारण बॉलला कुणी 'क्लोजर मेंबर' म्हणतं, कुणी 'ऑब्ट्युरेटर', आणि अख्ख्या व्हॉल्व्हला 'फ्लुइड कंट्रोल डिव्हाइस'. म्हणून पहिल्या पानावरच्या (५१) मधला वर्ग धरून शोधा. व्हॉल्व्हसाठी एफ१६के: त्यात बॉल ५/०६, बॉलच्या सीलिंग फेस दाबण्याच्या किंवा अलग करण्याच्या खास रचना ५/२०, नॉन-रिटर्न १५, सेफ्टी १७, चालवण्याची साधनं ३१. दाबाच्या सेन्सरसाठी जी०१एल: विद्युत पद्धती ९, तापमानाची भरपाई १९/०४, ओव्हरलोड आणि माध्यमापासून संरक्षण १९/०६. प्रवाहमापनासाठी जी०१एफ. जवळचा एक दस्तऐवज सापडला की त्याने उल्लेखलेली जुनी आणि त्याचा उल्लेख करणारी नवी, अशा दोन्ही बाजूंनी साखळी ओढत जा. पेटंट कार्यालयाच्या जुन्या दस्तऐवजांच्या शोध अहवालात 'एक्स' म्हणजे एकट्याने नव्या क्लेमला घातक, 'वाय' म्हणजे दुसऱ्याबरोबर जोडल्यास घातक, 'ए' म्हणजे पार्श्वभूमी. गेल्या १८ महिन्यांतले अर्ज मात्र बहुतांशी अजून प्रकाशितच झालेले नसतात, हे अहवालात लिहून द्या.

दोन कामांची गल्लत करू नका. शोध नवा आहे का हे पाहताना जगातलं कुठलंही, कितीही जुनं प्रकाशन चालतं. उत्पादन विकायला मोकळीक आहे का हे पाहताना त्या-त्या देशात जिवंत असलेल्या पेटंटचे क्लेमच मोजायचे. युजीन बूर्दाँने १८४९ मध्ये पेटंट घेतलेली, दाबमापकातली वाकडी नळी आज कुणीही वापरू शकतं, पण तिच्यावरची एखादी ताजी सुधारणा अजून बांधलेली असू शकते. आणि स्वतःच्या सुधारणेवर पेटंट मिळालं म्हणून दुसऱ्याचं मूळ पेटंट ओलांडायची परवानगी मिळत नाही. हा मुद्दा ग्राहकाला दरवेळी समजावून सांगावा लागतो.

मसुदा कुठे बिघडतो

'सदर स्प्रिंग' असं लिहिलं आणि आधी कुठे स्प्रिंगची ओळखच नाही. १२ हा क्रमांक एका चित्रात सीटला, दुसऱ्यात स्टेमला (बॉल फिरवणाऱ्या दांड्याला). या चुका तरी दुरुस्त होतात. खरी हानी होते ती वर्णनात न लिहिलेल्या गोष्टींनी, कारण दाखल केल्यानंतर नवीन तांत्रिक मजकूर घालता येत नाही. म्हणून मापं पायऱ्यांनी द्या: व्यासातला फरक १ ते ८ मिमी, शक्यतो २ ते ५, विशेषतः ४. पेटंट कार्यालयाच्या परीक्षकाने पहिली मर्यादा जुन्या दस्तऐवजात दाखवली तर मागे सरकायला दुसरी असते. नुसती एकच संख्या दिली तर माघार घ्यायला जागा राहत नाही.

आणखी एक सापळा: 'पाइपलाइनला जोडलेला व्हॉल्व्ह' असा क्लेम. मग नुसता व्हॉल्व्ह बनवून विकणारा थेट उल्लंघन करत नाही, पाइप जोडणारा करतो. 'पाइपलाइनला जोडता येण्याजोगा' लिहा.

तारखा पक्क्या ठेवा. पहिल्या अर्जापासून १२ महिन्यांत परदेशी किंवा पीसीटी अर्ज (अनेक देशांसाठी एकत्र करायचा आंतरराष्ट्रीय अर्ज), साधारण १८ महिन्यांनी प्रकाशन, पीसीटीतून देशोदेशी जायला ३० महिने, काही कार्यालयांत ३१. मुदत अर्जाच्या तारखेपासून २० वर्षं, तीही ठरावीक शुल्क भरत राहिलं तर. अर्जाआधी प्रदर्शनात मांडलेला किंवा गोपनीयतेच्या कराराशिवाय ग्राहकाच्या प्लांटमध्ये चाचणीला लावलेला नमुना अनेक देशांत नावीन्य संपवतो. काही देश सवलतीचा काळ देतात, पण त्यावर विसंबून योजना आखू नये.

या क्षेत्रात शोध विश्लेषक, मसुदा लिहिणारा, कार्यालयातला परीक्षक आणि कंपनीच्या संशोधन विभागातला पेटंट इंजिनिअर अशी कामं मिळतात. अनेक देशांत इतरांसाठी अर्ज दाखल करायला तांत्रिक पदवी आणि पात्रता परीक्षा दोन्ही लागतात. कायद्याची प्राथमिक ओळख करून घ्यायला वायपो अकादमीचा डीएल-१०१ हा मोफत ऑनलाइन अभ्यासक्रम पुरेसा आहे. त्याबरोबर एक सराव नेमाने करा: एफ१६के ५/२० वर्गातलं मुदत संपलेलं एखादं पेटंट घ्या, क्लेम झाकून फक्त वर्णन आणि चित्रं वाचा, पहिला क्लेम स्वतः लिहा, मग झाकलेला उघडा. तुमच्या क्लेममध्ये जे घटक जास्त आले असतील त्यांच्यापुढे खूण करा आणि प्रत्येकाला विचारा की हा काढला तर सीट सांगितलेल्या दाबाला सुटेल का. सुटत असेल तर तो घटक पहिल्या क्लेममधून दुय्यम क्लेममध्ये हलवा.