कौलारू गल्ली, चार सेंटिमीटरची माणसं

लहानपणी दिवाळीत किल्ला केलेल्या माणसाला लेगोच्या, म्हणजे एकमेकांत बसणाऱ्या प्लॅस्टिकच्या विटांच्या, गल्ल्या बांधून त्यांचा फोटो-फोटोनं सिनेमा करायच्या छंदाची निम्मी अक्कल आधीच आलेली असते. बेळगावच्या शहापुरात आमच्या अंगणात माती कालवून, अळीव पेरून झाले की दरवर्षी एकच भांडण व्हायचं: मावळा बुरुजापेक्षा उंच दिसतोय. चाळिशीत लेगो हातात घेतला तेव्हा मीही तेच करून बसलो.

पहिली चूक मात्र त्याच्याही आधीची. हौसेनं मोठा सेट आणला, पुस्तिका बघून चार रात्रींत जोडला आणि कपाटावर ठेवला. तिथं त्याच्यावर धूळ बसली आणि मला शिकायला काहीच मिळालं नाही. म्हणून नवीन येणाऱ्याला सांगतो, महागडा सेट राहू दे. सुटे तुकडे घे आणि आपली रोजची गल्ली कर.

उद्यमबागेत मशीन शॉपला असल्यामुळे मी आधी व्हर्नियर, म्हणजे बारीक मापं घ्यायची पट्टी, लावला. वरच्या गोल उंचवट्यांना आम्ही बटणं म्हणतो. दोन बटणांतलं अंतर 8 मिलिमीटर, विटेची उंची 9.6, पातळ पट्टीची 3.2, म्हणजे तीन पट्ट्या एकावर एक ठेवल्या की एक वीट. दोन बाय चार, म्हणजे आठ बटणांची वीट लांबीला 32 नाही, 31.8 भरते. शेजारची वीट अडकू नये म्हणून ती जागा सोडलेली असते. डेन्मार्कच्या या कंपनीनं 1958 साली पेटंट घेतलेली रचना आजही तशीच आहे, म्हणून जुन्या विटा नव्यांत बसतात. जुना माल बिनधास्त घ्या, फक्त नकली विटा निवडून बाजूला काढा. काही ढिल्या बसतात, काही दातानं ओढाव्या लागतात. धुवायचं तर कोमट पाण्यात, आणि वाळवायचं सावलीत. उन्हात पांढऱ्या विटा पिवळ्या पडतात. तुकडे रंगाप्रमाणे नको, आकाराप्रमाणे लावा. काळ्या ढिगातला बारका काळा तुकडा शोधण्यात माझे कितीतरी रविवार गेलेत. डबे विकत आणायची गरज नाही, कुंदा मिठाईचे रिकामे डबे चालतात.

लेगोचा माणूस साधारण 4 सेंटिमीटर, पण अंगानं आडवा. उंचीच्या हिशेबानं दार केलं तर तो खांद्याला अडकतो, म्हणून दार चार बटणं रुंद धरा. 32 बाय 32 बटणांची पाटी, म्हणजे सगळ्याच्या खालचा तळ, 25.6 सेंटिमीटरची असते. तिच्यावर दोन कौलारू घरं, कट्टा आणि तुळस एवढं बसतं. कौलांना उतरत्या लाल विटा.

आता शूटिंग. खरी मजा इथंच, आणि कटकटही.

मी टिळकवाडीतलं रेल्वे गेट पडताना दाखवायचं ठरवलं. दर फोटोला वस्तू जराशी हलवायची, मग ते फोटो भराभर दाखवले की ती चालताना दिसते. सेकंदाला 12 फोटो, नऊ सेकंदांना 108. पहिला प्रयत्न खिडकीजवळ, श्रावणात. ढग आला-गेला की गल्लीत दिवस-रात्र व्हायची. वर आमचा माळा लाकडी. आई चालली की अख्खं शहर हलायचं. मग खाली शहाबादी फरशीवर टेबल घेतलं, खिडकी बंद केली, दोन दिव्यांवर बटर पेपर लावला. मोबाईल स्टँडवर ठेवून फोकस, उजेड आणि रंग तिन्ही लॉक केले. बटण मोबाईलवर दाबायचं नाही, इअरफोनचं दाबायचं. अंगात गडद शर्ट घाला. माझ्या पांढऱ्या शर्टाचा उजेड भिंतींवर पडत होता, हे साठ फोटो झाल्यावर कळलं.

तरी भाचा म्हणाला, "मामा, गेट खेळण्यागत का पडतंय?"

कारण मी दांडा प्रत्येक फोटोला सारखाच फिरवला होता. दुसऱ्या दिवशी खऱ्या गेटजवळ गाडी बंद करून बघत उभा राहिलो. सुरुवातीला जड, मध्ये भरकन, टेकताना हळू, आणि टेकल्यावर एक बारका उसळा. घरी तसंच केलं: आधी केसभर, मग मोठमोठं, शेवटी परत केसभर, आणि एका फोटोत किंचित वर. तेव्हा कुठं त्याला वजन आलं.

आईनं बघितलं आणि म्हणाली, "गेट पडल्यावर खालनं जाणारा एकबी नाही? हे बेळगाव न्हवं रे."

तिचं खरं होतं. लेगोचा माणूस कमरेत काटकोनात वाकतो, पण वाकला की तोंडावर पडतो. पायाखाली पोस्टर चिकटवायची पुट्टी लावली, सायकल त्याच्या हातात दिली, आणि त्याच्यासाठी आणखी बावीस फोटो काढले.