कपाट भिंतीपासून सरकवण्याआधी

पावसाळा सरत आला की बडोद्यात घरोघर दिवाळीच्या सफाईचे बेत सुरू होतात. दांडिया बाजार, रावपुरा भागातल्या जुन्या घरांत वर्षभर भिंतीला टेकलेली कपाटं तेव्हाच हलतात. मागे काळपट-हिरवी बुरशी दिसली की हात फडक्याकडे जातो. पण कोरड्या फडक्यानं झटकलं तर तिचे बीजाणू खोलीभर उडतात, म्हणून तयारी आधी करावी.

पहिला विचार माणसांचा. घरात कुणाला दमा आहे, कुणाचा खोकला आठ दिवस गावी गेल्यावर थांबतो आणि परतल्यावर पुन्हा सुरू होतो, सकाळी शिंका आणि डोळ्यांना खाज कुणाला येते, हे लिहून काढा आणि डॉक्टरांना घरातल्या ओलीबद्दल आपणहून सांगा. ते सहसा विचारत नाहीत. दमेकऱ्यांना अस्परजिलससारख्या बुरशीची अ‍ॅलर्जी जडू शकते. किमोथेरपी चालू असलेली, अवयवरोपण झालेली किंवा दीर्घकाळ स्टेरॉइड घेणारी माणसं, लहान मुलं आणि दमेकरी यांची काम चालेल तेवढे दिवस दुसरीकडे सोय करा. यात भीड नको. बुरशी कुठल्या जातीची आहे हे तपासण्यावर मात्र पैसे घालवू नका. काळी असो वा पांढरी, काढायची पद्धत तीच.

आता पाणी शोधा. माझ्या मते सगळ्या कामाचं मर्म इथे आहे, आणि नेमकं हेच टाळून लोक रंगारी बोलावतात. डाग छताशी असेल तर गच्ची, पन्हळ, वरच्या मजल्याची मोरी पाहा. जमिनीपासून कमरेपर्यंत सलग पट्टा असेल तर ओल पायातून चढते आहे. मधोमध एकच ठिपका पसरत असेल तर भिंतीतला नळ संशयित. रात्री सगळे नळ आणि टाकीत येणारं पाणी बंद करून पातळीवर खूण करा. सकाळी ती उतरली असेल तर गळती नक्की. तरीही उलगडा होत नसेल तर भिंतीवर प्लास्टिकचा तुकडा चारी कडांनी चिकटपट्टीनं घट्ट लावून दोन दिवस ठेवा. आतल्या बाजूनं थेंब आले तर ओल भिंतीतली, बाहेरून आले तर खोलीच्या दमट हवेतली. मग प्लंबर लागेल, कडिया म्हणजे गवंडी लागेल की नुसता एक्झॉस्ट पंखा, ते ठरतं.

ऑगस्ट २०२४ मध्ये ज्यांच्या घरात विश्वामित्री नदीचं पाणी शिरलं त्यांच्यासाठी निकष कडक आहे. पुराच्या पाण्यात मैला असतो. भिजलेल्या गाद्या, उशा, फुगलेलं प्लायवुड ठेवू नये, कितीही जीव तुटला तरी. भिजलेली वस्तू २४ ते ४८ तासांत सुकली नाही की बुरशी धरते.

सामान थोडंच: एन-९५ मास्क, कोपरापर्यंतचे रबरी हातमोजे, डोळ्यांना बंद चष्मा, साबणपूड, कडक ब्रश, जाड पिशव्या. पंखा बंद, खिडकी उघडी, दाराला प्लास्टिक. भिंत आधी ओली करा, मग साबणाच्या पाण्यानं घासा. ब्लीच टाइल्सवर चालतं. गिलाव्यात मुरलेल्या बुरशीपर्यंत ते पोचत नाही. टॉयलेट क्लीनरच्या अ‍ॅसिडमध्ये ते चुकूनही मिसळू नका, क्लोरीन वायू निघतो. पीओपीचं छत आतून काळं झालं असेल तर तेवढा भाग कापून काढावा लागतो. बुरशी साधारण एक चौरस मीटरहून जास्त पसरली असेल तर हे काम जाणकाराला द्या.

मग वाळवण. ऑक्टोबरचं ऊन यासाठी उत्तम. घरातली आर्द्रता साठ टक्क्यांखाली राहते का, हे स्वस्तातल्या डिजिटल यंत्रावर कळतं. जुन्या चुन्याच्या भिंतीवर सिमेंटचा गिलावा किंवा ऑइल पेंट चढवू नका, ओल आत कोंडते, चुनाच लावा. रंगारी घाई करेल, तुम्ही प्लास्टिकची परीक्षा पुन्हा करून भिंत कोरडी ठरल्यावरच त्याला बोलवा. कपाट परत ठेवताना मागे वीतभर जागा सोडा.