हवा तसा घडवता येणारा मोडल डायलॉग वेब ॲप्लिकेशनमध्ये कसा जोडावा

एखादी नोंद कायमची काढून टाकण्यापूर्वी वापरकर्त्याला विचारून घ्यायचे असेल, तर ब्राउझरची ‘कन्फर्म’ खिडकी एका ओळीत उघडता येते. परंतु तिचे रूप बदलता येत नाही, बटणांवर आपला मजकूर घालता येत नाही आणि उत्तर मिळेपर्यंत पानावरची जावास्क्रिप्ट अडून राहते. म्हणून अनेक वर्षे डेव्हलपर ‘डिव्ह’ (एचटीएमएलचा साधा कप्पा) वापरून स्वतःचे मोडल, म्हणजे बंद होईपर्यंत मागच्या पानाला हात लावू न देणारी चौकट, बांधत आले आणि त्यासोबत झेड-इंडेक्सची (कोणता थर वर दिसावा हे ठरवणाऱ्या आकड्याची) ओढाताण, मागच्या पानावर निसटणारा फोकस (कीबोर्डची कळ सध्या ज्या घटकाला लागू होते ती जागा) व एस्केप कळीची हाताळणी हे सारे त्यांनाच सांभाळावे लागले. एचटीएमएलचा ‘डायलॉग’ एलिमेंट क्रोममध्ये २०१४ साली आला आणि मार्च २०२२ मध्ये फायरफॉक्स व सफारी यांनीही तो स्वीकारला, त्यामुळे आता नव्या कामात या खटाटोपाची गरज उरलेली नाही. माझे स्पष्ट मत असे आहे की मजकूर, बटणे आणि रंगरूप आपल्या हाती ठेवावे, पण डायलॉगची वागणूक शक्य तितकी ब्राउझरवर सोपवावी.

पानात एकच ‘डायलॉग’ टॅग ठेवावा. त्यात शीर्षक, मजकुराचा परिच्छेद आणि बटणे असलेला फॉर्म असावा, आणि त्या फॉर्मची ‘मेथड’ही ‘डायलॉग’ अशीच लिहावी. तसे केल्यास बटण दाबताच सर्व्हरकडे काहीही न जाता डायलॉग बंद होतो आणि दाबलेल्या बटणाची ‘व्हॅल्यू’ त्याच्या ‘रिटर्न-व्हॅल्यू’ या प्रॉपर्टीत जमा होते. उघडण्यासाठी ‘शो-मोडल’ हीच मेथड वापरावी, कारण ‘ओपन’ ॲट्रिब्यूट हाताने लावल्यास चौकट दिसते खरी, पण ती मोडल नसते. ‘शो-मोडल’मुळे डायलॉग पानाच्या सर्व थरांच्या वर जातो, मागचा भाग निष्क्रिय होतो आणि बंद झाल्यावर फोकस ज्या बटणावरून आला होता तिथे परत जातो. स्क्रीन रीडरला (पडदा वाचून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरला) नाव सांगता यावे म्हणून शीर्षकाचा आयडी डायलॉगच्या ‘आरिया-लेबल्डबाय’ या ॲट्रिब्यूटमध्ये द्यावा.

यानंतर एक फंक्शन लिहावे, जे शीर्षक, मजकूर, बटणांची यादी आणि रूपाचा प्रकार असे पर्याय घेते आणि प्रॉमिस, म्हणजे नंतर मिळणाऱ्या उत्तराची हमी देणारी वस्तू, परत करते. फंक्शन आलेला मजकूर डायलॉगमध्ये भरते, ‘क्लोज’ इव्हेंटसाठी (डायलॉग बंद झाल्याच्या सूचनेसाठी) एकदाच चालणारा लिसनर लावते, डायलॉग उघडते आणि बंद होताच ‘रिटर्न-व्हॅल्यू’ देऊन प्रॉमिस पूर्ण करते. त्यामुळे वापरणाऱ्या कोडमध्ये केवळ ‘अवेट’ लिहून उत्तराची वाट पाहता येते. मजकूर भरताना ‘टेक्स्ट-कंटेंट’ वापरावे. उदाहरणार्थ, एखादी फाइल काढण्याविषयी विचारताना तिचे नाव मजकुरात येते; ते वापरकर्त्याने दिलेले असते आणि ‘इनर-एचटीएमएल’ने ते घातल्यास त्यात दडवलेला कोड चालण्याचा धोका राहतो.

येथे एक बारकावा नीट समजून घ्यायला हवा, कारण तो चाचणीत सहज सुटतो. एस्केप दाबून डायलॉग बंद केला, तर ‘रिटर्न-व्हॅल्यू’ बदलत नाही, आणि पुन्हा उघडताना ती आपोआप पुसलीही जात नाही. समजा, वापरकर्त्याने पहिल्या फाइलसाठी ‘काढून टाका’ हे बटण दाबले, मग दुसऱ्या फाइलसाठी तोच डायलॉग उघडला आणि विचार बदलून एस्केप दाबले. प्रॉपर्टीत मागचेच उत्तर शिल्लक असल्याने आपला कोड दुसरी फाइलही काढून टाकेल, आणि तेही वापरकर्त्याने नकार दिल्यानंतर. यावर उपाय एका ओळीचा आहे: प्रत्येक वेळी ‘शो-मोडल’ करण्यापूर्वी ‘रिटर्न-व्हॅल्यू’ रिकामी करावी आणि रिकामे उत्तर म्हणजे नकार असे धरावे.

बटणांबाबतही तितकीच काळजी घ्यावी. ‘होय’ आणि ‘नाही’ यांऐवजी ‘फाइल काढून टाका’ आणि ‘राहू द्या’ असे लिहावे, म्हणजे प्रश्न न वाचताही परिणाम कळतो. परत न फिरवता येणाऱ्या कृतीत ‘ऑटोफोकस’ (डायलॉग उघडताच फोकस कुठे जावा हे सांगणारे ॲट्रिब्यूट) सुरक्षित बटणावर द्यावा. डायलॉगमध्ये मजकूर भरण्याचा रकाना असेल, तर एंटर दाबल्यावर फॉर्ममधले पहिले सबमिट बटण दाबले गेल्यासारखे होते, तेव्हा बटणांचा क्रम विचारपूर्वक ठरवावा. आणि रकाना अनिवार्य असेल, तर ‘रद्द करा’ या बटणाला ‘फॉर्म-नोव्हॅलिडेट’ (रकान्यांची तपासणी टाळणारे ॲट्रिब्यूट) जोडावे, नाहीतर रकाना भरल्याशिवाय ते बटण डायलॉग बंदच करू देणार नाही.

रूपासाठी रंग, रुंदी, कोपऱ्यांची गोलाई यांची सीएसएस व्हेरिएबल्स डायलॉगवर ठेवावीत आणि ‘इशारा’, ‘माहिती’ अशा प्रत्येक प्रकाराच्या क्लासमध्ये फक्त त्यांच्या किमती बदलाव्यात. मागच्या पडद्याची छटा ‘बॅकड्रॉप’ या स्यूडो-एलिमेंटने ठरते. ‘डिस्प्ले फ्लेक्स’ थेट ‘डायलॉग’वर लिहू नये, कारण त्यामुळे बंद असलेला डायलॉगही पानावर दिसू लागतो, तो नियम ‘ओपन’ असलेल्या डायलॉगपुरताच लिहावा. ब्राउझरची मूळ रूपे पुसणाऱ्या सीएसएस रिसेटने सर्व मार्जिन शून्य केले असेल, तर चौकट मध्यभागी न राहता कोपऱ्यात सरकते, तेव्हा ‘मार्जिन ऑटो’ पुन्हा द्यावे.

बाहेर क्लिक केल्यावर बंद होण्याची सोय माहितीपर डायलॉगपुरती ठेवावी. अर्धा भरलेला फॉर्म चुकीच्या क्लिकने गमावणे कुणालाही त्रासदायकच असते. पडद्यावरच्या क्लिकचे ‘टार्गेट’ स्वतः डायलॉगच असते, म्हणून तेवढे तपासले की पुरते, मात्र पॅडिंग डायलॉगला न देता आतल्या ‘डिव्ह’ला द्यावे, अन्यथा चौकटीच्या कडेवरचा क्लिकही बाहेरचा समजला जाईल. मागचे पान स्क्रोल होणे मात्र ब्राउझर स्वतःहून थांबवत नाही. त्यासाठी डायलॉग उघडा असेपर्यंत पानाला ‘ओव्हरफ्लो हिडन’ लावावे आणि स्क्रोलबार नाहीसा झाल्याने मजकूर बाजूला सरकू नये म्हणून ‘स्क्रोलबार-गटर’ (स्क्रोलबारसाठी राखलेली जागा) स्थिर ठेवावा.