बागेतल्या मधमाश्या, भुंगे आणि आपण

बागेत काम करताना कानाजवळ गुणगुण ऐकू आली की हात आपोआप हवेत फिरतो, आणि नेमकी हीच हालचाल टाळायला हवी. फुलावर बसलेल्या माशीला तिथे राखण्यासारखे काहीच नसते. मकरंद आणि पराग गोळा करण्यात ती इतकी गुंतलेली असते की चिमटीत सापडल्याशिवाय किंवा पायाखाली आल्याशिवाय ती सहसा डंख मारत नाही. घरट्याजवळची गोष्ट मात्र निराळी असते, कारण तिथे अळ्या आणि अन्नाचा साठा असतो. म्हणून माशी दिसताच ती फुलांवर आली आहे की घर राखते आहे, हे आधी पाहावे. जमिनीतल्या किंवा भिंतीतल्या एकाच भोकातून माश्या सरळ रेषेत ये-जा करत असतील तर घरटे तिथेच आहे असे समजावे, त्या वाटेत उभे राहू नये आणि बाजूने काम करावे.

ओळख पटवणे फारसे अवघड नाही. अंगभर दाट केस, गोल गुबगुबीत शरीर आणि बहुधा पिवळे-काळे पट्टे असतील तर ती बंबलबी. ती मुख्यतः थंड हवेच्या प्रदेशांत आढळते. आकाराने तेवढाच, पण पोट गुळगुळीत आणि चकचकीत काळे असलेला तो लाकूड पोखरणारा भुंगा. भुंग्याचा नर थेट आपल्या तोंडासमोर येऊन तरंगतो आणि भल्याभल्यांना मागे सरकायला लावतो, पण त्याला नांगी नसते. नांगी हे अंडी घालण्याच्या अवयवाचे बदललेले रूप असल्यामुळे डंख फक्त माद्याच मारू शकतात. गुलाबाच्या पानांच्या कडेने कात्रीने कापावेत तसे गोल तुकडे गेलेले दिसले तर ते पानकापी माशीचे काम असते. पाने विद्रूप दिसतात, पण झाडाला सहसा धोका नसतो, त्यामुळे तेवढ्यासाठी औषध मारण्याचे कारण नाही.

या पाहुण्यांचे काम जवळून पाहायचे असेल तर वांग्याच्या किंवा टोमॅटोच्या फुलापाशी थांबावे. या फुलांचे परागकोश बंद नळीसारखे असतात आणि पराग टोकाच्या बारीक छिद्रातून किंवा फटीतूनच बाहेर पडतो. बंबलबी किंवा भुंगा परागकोशाला कवटाळून लोंबकळतो, पंख न हलवता उडण्याचे स्नायू थरथरवतो, गुणगुणण्याचा सूर एकदम चढतो आणि पिवळी पूड त्याच्या पोटावर झडते. मधमाशीला ही युक्ती जमत नाही.

सकाळच्या गारव्यात बंबलबी फुलावर किंवा जमिनीवर निश्चल बसलेली दिसली तर ती मेली असे धरून झाडून टाकू नये. उडण्यासाठी तिचे स्नायू सुमारे 30 अंश सेल्सिअसपर्यंत तापावे लागतात, त्यामुळे ऊन येईपर्यंत ती बसून राहते. जवळ गेल्यावर तिने मधला पाय वर उचलला तर तो इशारा समजून मागे व्हावे. ऊन आल्यानंतरही ती उडू शकत नसेल तर दोन भाग साखर आणि एक भाग पाणी यांचा थेंब तिच्यापुढे ठेवावा. मध देऊ नये, कारण त्यातून रोगाचे जंतू पसरू शकतात.

बंबलबी उंदरांच्या जुन्या बिळात किंवा कंपोस्टच्या ढिगात घरटे करते आणि ते एकाच हंगामापुरते असते, तेव्हा जागा अडचणीची नसेल तर वाट पाहणे उत्तम. भुंग्यांपासून लाकूड वाचवायचे असेल तर ते रंगवावे. फांदीवर मधमाश्यांचा घोस अचानक लटकलेला दिसला तर घाबरू नये. तो नव्या जागेच्या शोधात थांबलेला असतो आणि बहुधा काही तासांत किंवा दिवसांत निघून जातो. भिंतीत कायमचे पोळे झाले असेल तर धूर, आग, पाण्याचा मारा यांपैकी काहीही न करता मधपाळाला बोलवावे. पोळ्याजवळ माशी चिरडू नये, कारण डंखासोबत सुटणारा गंध इतरांना हल्ल्याला बोलावतो. हल्ला झालाच तर तोंड झाकून सरळ बंद खोलीत पळावे.

मधमाशीची नांगी दातेरी असल्यामुळे ती विषाच्या पिशवीसह कातडीत राहते आणि विष सोडत राहते. ती नखाने खरवडावी की चिमटीने उपटावी यावर वेळ न घालवता ताबडतोब काढावी आणि मग बर्फ लावावा. बंबलबीची नांगी गुळगुळीत असते, त्यामुळे ती पुन्हापुन्हा डंख मारू शकते. श्वास घ्यायला त्रास, ओठ किंवा जीभ सुजणे, अंगभर गांधी उठणे, भोवळ येणे यांपैकी काही दिसले, किंवा तोंडात वा घशात डंख बसला, तर घरगुती उपाय करत न बसता तातडीने दवाखाना गाठावा.

कीटकनाशकाची फवारणी फुलोऱ्यात करूच नये. इतर वेळी अगदीच टाळता येत नसेल तर माश्या परतल्यावर, संध्याकाळी उशिरा करावी, आणि झाडाच्या रसात भिनणारी औषधे वापरू नयेत, कारण ती पुढे पराग आणि मकरंदातही उतरतात.