गावच्या जत्रेची माहिती ब्लॉगवर लिहावी की विकीवर?

गोव्यातील डिचोली तालुक्यातल्या शिरगावची लईराई देवीची जत्रा वैशाख शुद्ध पंचमीला भरते आणि धोंड, म्हणजे देवीचे व्रतस्थ भक्त, होमकुंडातील निखाऱ्यांवरून चालत जातात, ही माहिती कोणालाही पडताळून पाहता येते. आपल्या घरातून पहिल्यांदा धोंड म्हणून कोण गेले आणि व्रताच्या दिवसांत आजी स्वयंपाकाची भांडी वेगळी कशी काढून ठेवत असे, हे मात्र फक्त आपल्यालाच ठाऊक असते. लिहायला बसण्यापूर्वी हाताशी असलेला मजकूर असा दोन भागांत वेगळा करावा.

आठवणींचा भाग ब्लॉगवर घालावा. तिथे लेख आपल्या नावाने व तारखेसह राहतो, त्यात दुसरा कोणी फेरफार करत नाही आणि चुकीची जबाबदारीही आपलीच असते. नवा लेख वर येतो व जुने खाली सरकत जातात, म्हणून गावाचे नाव शीर्षकात अवश्य असावे.

पडताळता येणारा भाग विकीवर घालावा. विकी म्हणजे अनेकांनी मिळून लिहायचे व सुधारायचे संकेतस्थळ; तिची रीत निराळी आहे. वॉर्ड कनिंगहॅम यांनी १९९५ साली पहिली विकी सुरू केली, तेव्हा 'झटपट' या अर्थाचा हवाई बेटांवरील शब्द त्यांनी तिच्यासाठी निवडला. मराठी विकिपीडिया २००३ पासून चालू आहे. तेथील लेख कोणा एकाचा नसतो. आपण लिहिलेले वाक्य उद्या दुसरा सुधारील, आणि ते कोणी, केव्हा व कसे बदलले हे 'इतिहास' या कळीवर टिचकी मारताच ओळीनिशी दिसते. मतभेद झाल्यास दुसऱ्याचा मजकूर पुन्हा पुन्हा खोडत न बसता 'चर्चा' पानावर आपले म्हणणे मांडावे. नवख्याने आधी 'धूळपाटी'वर हात बसवावा. सरावाच्या पानाला इतके नेमके आणि आपल्या मातीतले नाव मिळाले आहे, याचा मला फार आनंद वाटतो.

विकिपीडियावर प्रत्येक विधानाला प्रसिद्ध झालेला विश्वासार्ह आधार लागतो, आणि येथेच आपल्याकडच्या लेखकांची खरी अडचण होते. गोव्यातील कितीतरी परंपरा अजून केवळ तोंडी आहेत, आणि स्वतःचा ब्लॉग हा सहसा आधार म्हणून चालत नाही. अशा वेळी जाणत्या मंडळींकडून ऐकलेले आधी ब्लॉगवर सविस्तर नोंदवावे, त्यांची अनुमती घ्यावी, मग तो लेख दैनिकाच्या पुरवणीकडे किंवा एखाद्या नियतकालिकाकडे पाठवावा. तो छापून आल्यावर त्याचा हवाला देऊन त्यातील तथ्ये विकीवर नव्या शब्दांत लिहिता येतात.

ब्लॉगवरचा मजकूर, तो स्वतःचा असला तरी, विकीवर जसाच्या तसा चिकटवू नये. विकिपीडियावरचे लेखन श्रेय देऊन कोणालाही वापरता येते, त्यामुळे आपला ब्लॉग तशाच मुक्त परवान्याखाली असल्याचे ब्लॉगवर आधी स्पष्ट नमूद करावे लागते.